जुन्या जीप-पिकअपमध्ये इसुझू डिझेल इंजिन : प्रकल्प नोंदी

12 ऑक्टोबर 2024

आज दसरा. सकाळी हत्यारांची पूजा झाली आणि त्याच मुहूर्तावर ही वही सुरू केली. गाडी आहे आजरा तालुक्यातल्या आमच्या काजूच्या बागेतली लांब चासीची पेट्रोल जीप. तिचा मागचा भाग कोणीतरी पूर्वीच कापून लोखंडी हौदा बसवला होता, त्यामुळे कागदावर काहीही असले तरी आमच्याकडे तिला पिकअपच म्हणतात. व्हीलबेस मोजला, तो 91 इंच भरला. गिअरबॉक्स तीन गिअरचा टी-90 आहे, त्यामागे स्पायसर 18 हा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे चाल वाटणारी पेटी) आहे आणि दोन्ही डिफरन्शियलमध्ये 5.38 चे क्राउन-पिनियन आहे.

मूळ इंजिन विलीजच्या घराण्यातले, हरिकेन एफ-134 या नावाने ओळखले जाणारे आहे. 134 हा आकडा घनइंचांचा असून सेंटिमीटरच्या हिशेबात ते 2,199 सीसी होते. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, म्हणजे सर्वांत तापणारा भाग थेट ब्लॉकच्या अंगातच बसलेला असतो. गेल्या पावसाळ्यात हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपासून बोअरपर्यंत गेलेली तडा दिसली. हेडला तडा असती तर हेड बदलून भागले असते. ब्लॉकच गेल्यावर त्या इंजिनावर आणखी पैसा घालण्यात अर्थ नव्हता. बागेत पॉवर टिलर आणि पाण्याचे इंजिन डिझेलवर चालतात आणि डिझेलचा साठा तेथे नेहमी असतो, म्हणून नवे इंजिन डिझेलच असावे असे मी आणि बाग पाहणारा माझा धाकटा भाऊ, दोघांनी ठरवले.

कायद्याची बाजू आधीच लिहून ठेवतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. पेट्रोलची गाडी परस्पर डिझेलची करून रस्त्यावर आणणे या कलमाप्रमाणे चालत नाही. या गाडीची नोंदणी रद्द झालेली आहे आणि ती बागेच्या कुंपणाबाहेर स्वतःच्या चाकांवर जाणार नाही. कोल्हापूर ते बाग हा प्रवास ती दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर करील. ज्यांना रस्त्यावर चालवायची गाडी करायची आहे त्यांनी या नोंदींवरून काही करू नये.

20 ऑक्टोबर

इंजिन कोणते घ्यावे यावर दोन आठवडे गेले. सर्वांत सोपा मार्ग प्यूजो एक्सडीपी 4.90 चा होता. 90 मिलिमीटर बोअर, 83 मिलिमीटर स्ट्रोक, 2,112 सीसी असे ते इंजिन महिंद्राने आपल्या जीपगाड्यांत वर्षानुवर्षे बसवले असल्याने बेल हाउसिंगसह (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधले क्लचभोवतीचे कवच) चार गिअरचा गिअरबॉक्स तयार मिळतो आणि परक्या इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या जोडपट्टीचा प्रश्नच येत नाही. मात्र जी दोन इंजिने पाहण्यात आली त्यांतल्या एकाचा गिअरबॉक्स विकला गेला होता आणि दुसऱ्याच्या लायनरखालून पाणी तेलात उतरत होते. महिंद्राचेच 2,523 सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन मुबलक मिळते, पण त्याचे मूळ ट्रॅक्टरच्या इंजिनात असून ते वजनदार आणि कमी फेऱ्यांवर राबणारे आहे. 5.38 च्या डिफरन्शियलबरोबर ते लावले तर तिसऱ्या गिअरमध्येही इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ओरडत राहील.

अखेर इसुझूचे फोर-एफसी-वन घेतले. बोअर 84, स्ट्रोक 90, म्हणजे 1,995 सीसी. अँबॅसेडरच्या काही डिझेल गाड्यांत हेच असे. उत्तरपाडा येथील अँबॅसेडरचे उत्पादन 2014 साली थांबले आणि त्यानंतर भंगारात निघालेल्या टॅक्सींमधून ही इंजिने बाहेर पडत राहिली. आमचे इंजिन अशाच एका पर्यटक टॅक्सीतले आहे. 34,000 रुपयांना सेल्फ, अल्टरनेटर, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटसह मिळाले. त्याच्याबरोबर मूळ गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगचा कापलेला तुकडाही मागून घेतला. विकणाऱ्याला तो भंगाराचा तुकडा वाटत होता, पण सेल्फची जागा नेमकी कोठे आहे हे सांगणारी तीच एक वस्तू होती.

27 ऑक्टोबर

इंजिन टेबलावर चढवून कॉम्प्रेशन तपासले. नोझलच्या जागी गेज लावून सेल्फवर फिरवले असता चारही सिलिंडर 385 ते 410 पीएसआयच्या दरम्यान आले. आकडा थोडा खालचा असला तरी चौघांत फरक कमी आहे, म्हणून रिंगा तूर्त न उघडण्याचे ठरवले.

टायमिंग बेल्ट मात्र विचार न करता बदलला. या इंजिनात कॅमशाफ्ट हेडवर आहे आणि बेल्टवर चालतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला जागा जवळपास राहतच नाही, त्यामुळे बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. जुन्या बेल्टचे वय विकणाऱ्यालाही माहीत नव्हते. बेल्टबरोबर टेन्शनरचे बेअरिंग, पुढचे व मागचे क्रँक ऑइल सील आणि पाण्याचा पंपही नवा घातला. इंजेक्शन पंप आणि नोझल कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पंप दुरुस्तीवाल्यांकडे कॅलिब्रेशनला दिले.

9 नोव्हेंबर

दिवाळीनंतर जुने इंजिन चेन पुलीने उचलून बाहेर काढले. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मुद्दाम जागेवरच ठेवले. ट्रान्सफर केसमधून पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टना चाल जाते, आणि तो एक इंच जरी सरकला तरी दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी व सांध्यांचे कोन बदलतात. म्हणून या कामात स्थिर बिंदू गिअरबॉक्सचा अक्ष हाच धरला आहे आणि इंजिनाने त्याच्याकडे यायचे आहे. पुढची सगळी मापे याच अक्षापासून घेतली जातील.

बोनेटखाली उंची भरपूर आहे. एफ-134 उंच असल्यामुळेच 1953 साली सीजे-3बीचे बोनेट उंचावले गेले होते आणि त्या उंचीचा फायदा आज आम्हाला मिळतो आहे. अडचण आडवी आहे. स्टिअरिंगचा दांडा आणि इसुझूच्या तेलाच्या फिल्टरमध्ये जेमतेम 15 मिलिमीटर अंतर उरते.

17 नोव्हेंबर

जोडपट्टीचा आराखडा केला. पद्धत अशी की, इंजिनाच्या पाठीवर 20 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी बसेल, त्या पट्टीवर जीपची मूळ बिडाची बेल हाउसिंग बसेल आणि सेल्फ पट्टीलाच धरला जाईल. इंजिनाच्या पाठीवर जाड पुठ्ठा दाबून भोकांचे ठसे घेतले, बेल हाउसिंगचेही तसेच घेतले, आणि कापलेल्या तुकड्यावरून सेल्फच्या भोकाचे केंद्र काढले.

जाडी 20 मिलिमीटरच का, याचा हिशेब येथे ठेवतो. पट्टी पातळ असती तर सेल्फचे बोल्ट धरायला पुरेसे आटे मिळाले नसते आणि वेल्डिंगविना ती सरळ राहिली नसती. पट्टी जितकी जाड, तितका गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकपासून लांब जातो, ही दुसरी बाजू. 20 मिलिमीटरवर शाफ्टचे टोक क्रँकच्या भोकात अवघे 4 मिलिमीटर शिरते. ते कमीत कमी 12 मिलिमीटर आधारावर असावे असे मला वाटते. ती उणीव बुशाने, म्हणजे शाफ्टच्या टोकाला धरणाऱ्या धातूच्या नळीने, भरून काढावी लागेल.

1 डिसेंबर

शिरोली औद्योगिक वसाहतीतून पट्टी लेझरवर कापून आणली आणि मधले मोठे भोक उद्यमनगरात बोअरिंग करून घेतले. कापणे आणि बोअरिंग मिळून 8,600 रुपये झाले. पट्टी दिसायला इतकी सुबक होती की तपासणी न करता इंजिन गाडीत चढवण्याचा मोह झाला.

तपासणीची पद्धत साधी आहे. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँडने डायल गेज लावायचे, त्याची सुई बेल हाउसिंगच्या ज्या भोकात गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग रिटेनर बसतो त्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायची आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवायचा. सुई जागची हलली नाही तर क्रँकचा आणि भोकाचा अक्ष एकच. आमची सुई 0.64 मिलिमीटर फिरली. डायलवर दिसणारा हा एकूण फरक प्रत्यक्ष विचलनाच्या दुप्पट असतो, म्हणजे भोक क्रँकच्या अक्षापासून 0.32 मिलिमीटर सरकलेले आहे. आमच्या लेथवाल्या मेस्त्रींच्या भाषेत हे साधारण तेरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) झाले. पाच थाऊ एकूण फिरण्याच्या आत आले पाहिजे असे त्यांचे मत आहे आणि जुन्या जीपच्या दुरुस्तीत हीच मर्यादा पाळली जाते.

चूक माझी आहे. पुठ्ठ्यावर ठसा घेताना मी इंजिनाच्या पाठीवरल्या डॉवेल पिनांना (जोडलेले भाग नेमक्या जागी धरणाऱ्या खिळ्यांना) केंद्र मानले आणि क्रँकच्या अक्षापासून त्या पिना किती लांब आहेत हे मोजलेच नाही. पुठ्ठा दाबल्यावर भोकाची कड किंचित पसरते आणि पेन्सिलची जाडी त्यात भर घालते. तीन दशांश मिलिमीटरची चूक या पद्धतीत होणारच होती. असे राहू दिले असते तर गाडी चालली असती, आणि हीच या दोषाची खोड आहे. काही महिन्यांनी इनपुट शाफ्टचे बेअरिंग वाजू लागले असते, तिसरा गिअर आपोआप सुटू लागला असता आणि दोष टी-90 च्या म्हातारपणावर गेला असता.

8 डिसेंबर

पट्टी नवी न करता तीच सुधारली. पट्टीतील डॉवेलची भोके मोठी करून मोकळी केली, बोल्टच्या भोकांनाही प्रत्येकी अर्धा मिलिमीटर सैलपणा दिला, मग इंजिन उभे करून (फ्लायव्हील वर, पुली खाली) पट्टी व बेल हाउसिंग त्यावर अलगद ठेवली. डायल गेज फिरवत, प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या मारत, बोल्ट अर्धवट आवळत सुमारे तीन तास गेले. शेवटी सुई 0.10 मिलिमीटरवर, म्हणजे चार थाऊंवर आली. मागच्या सपाट तोंडावर सुई टेकवून पाहिले तेव्हा 0.08 मिलिमीटर आले, त्यामुळे पट्टी क्रँकच्या अक्षाला काटकोनात आहे अशी खात्री झाली.

बोल्ट पूर्ण आवळल्यावर पुन्हा तपासले, कारण आवळताना पट्टी सरकते. ती 0.02 ने सरकली होती आणि तेवढे चालण्यासारखे होते. मग त्याच स्थितीत पट्टी आणि ब्लॉक यांना एकत्र दोन नवी भोके पाडून रीमर फिरवला आणि 10 मिलिमीटरच्या डॉवेल पिना ठोकल्या. आता इंजिन कितीदा उतरवले तरी पट्टी त्याच जागी बसेल. भोक पाडण्यापूर्वी ब्लॉकच्या त्या जागी पाण्याची किंवा तेलाची वाट नाही हे वेल्च प्लग (ब्लॉकला लावलेले पत्र्याचे बूच) काढून आतून पाहिले होते.

15 डिसेंबर

क्लचचे काम. टी-90 च्या इनपुट शाफ्टवर 10 खाचा आहेत आणि व्यास सव्वा इंचाच्या किंचित खाली, 1⅛ इंच आहे. इसुझूची क्लच प्लेट त्यावर बसत नाही आणि जीपची प्लेट इसुझूच्या प्रेशर प्लेटला मापात येत नाही. उद्यमनगरात जीपच्या प्लेटचा हब काढून इसुझूच्या प्लेटमध्ये रिव्हेट करून दिला. हे काम तेथे रोजचे आहे.

बुश गनमेटलचा, पायरीचा केला. बाहेरचा व्यास क्रँकच्या भोकात हलका दाब देऊन बसेल असा, आतला शाफ्टच्या टोकाला पाच शतांश मिलिमीटर सैल, आणि बुशाचे नाक गिअरबॉक्सच्या दिशेने 11 मिलिमीटर बाहेर आलेले. त्यामुळे शाफ्टला एकूण 15 मिलिमीटर आधार मिळाला. हब बुशाच्या नाकाला घासत नाही ना, हे मातीचा गोळा ठेवून प्लेट दाबून पाहिले. मध्ये 3 मिलिमीटर जागा राहते.

सेल्फच्या पिनियनचे आणि रिंग गिअरचे दात किती खोल मिसळतात हेही तपासले. दातांच्या मुळाशी तार घालून मोजले तेव्हा अंतर योग्य आले. कापलेला तुकडा मागून घेतल्याचा फायदा येथे दिसला.

29 डिसेंबर

इंजिन गाडीत बसले. माउंटिंगसाठी चासीच्या दोन्ही बाजूंना 8 मिलिमीटर पट्टीचे कंस केले आणि ते वेल्ड न करता चासीच्या उभ्या बाजूला बोल्टने धरले. चासीच्या वरच्या-खालच्या ओठांना वेल्डिंगचा धक्का लावू नये, कारण वाकण्याचा ताण तेथेच सर्वाधिक असतो, हे मी इतरांच्या फुटलेल्या चासी पाहून शिकलो आहे. तेलाच्या फिल्टरसाठी शेवटी दूरचा हेड बसवला आणि दोन होजांनी तो चासीवर नेला. स्टिअरिंगचा दांडा आता मोकळा आहे.

11 जानेवारी 2025

डिझेलची वाट. जीपची टाकी चालकाच्या बैठकीखाली आहे. आत पेट्रोलचा जुना डिंक सुकून तांबूस पापुद्रा झाला होता. तो धुऊन काढला. आत जस्ताचा मुलामा नाही हे मुद्दाम पाहिले, कारण डिझेलमधील आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट गाळ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझलपर्यंत पोहोचतो.

पेट्रोल इंजिनाला टाकीतून एकच नळी लागते, डिझेलला दोन. पंप आणि नोझलमधून परतणाऱ्या डिझेलसाठी टाकीच्या वरच्या भागात नवा निपल ब्रेझ करून घेतला. फिल्टरच्या आधी पाणी वेगळे करणारा पारदर्शक वाटीचा सेपरेटर लावला. बागेत डिझेल ड्रममधून हातपंपाने भरले जाते आणि पावसाळ्यात ड्रमच्या झाकणावर साचलेले पाणी आत उतरते, त्यामुळे ही वाटी चैन म्हणून लावलेली नाही. इंजेक्शन पंपावर विजेचा स्टॉप आहे. त्याच्या जोडीला हाताने ओढायची स्टॉप केबलही ठेवली.

19 जानेवारी

वायरिंग. कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या तारा काढून टाकल्या. बॅटरी 12 व्होल्ट 80 अँपिअर-तासांची घेतली आणि सेल्फची केबल 50 चौरस मिलिमीटरची टाकली. हीटर प्लगसाठी स्वतंत्र रिले आणि दाबून धरायचे बटण आहे.

एक गंमत अशी की, या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल नसतो, म्हणून तेथे व्हॅक्यूमही नसतो, आणि इंजिन बदलताच वायपर निकामी झाला. विजेचा वायपर लावला. ब्रेकला बूस्टर नाही, म्हणून व्हॅक्यूम पंपाची गरज पडली नाही. बूस्टर असलेल्या गाडीत हे विसरले तर वायपरवर भागणार नाही.

26 जानेवारी

पहिल्यांदा सुरू केले. आधी स्टॉपची तार काढून ठेवून सेल्फवर दहा-दहा सेकंद चार वेळा फिरवले, तेव्हा तेलाच्या गेजचा काटा उठला. मग फिल्टरवरल्या हातपंपाने हवा काढली, नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून पुन्हा फिरवले आणि डिझेल उडू लागल्यावर नट आवळले.

भावाला एक जाड फळी घेऊन इनटेकजवळ उभे केले होते. थ्रॉटल नसलेले डिझेल इंजिन पंपातील दोषामुळे बेभान धावू लागले तर ते चावीने थांबेलच असे नाही, आणि सीलमधून आलेले इंजिन ऑइलच जाळू लागले तर डिझेल बंद करूनही थांबत नाही. हवेचे तोंड झाकणे हाच खात्रीचा उपाय असतो. फळीची गरज पडली नाही. हीटर वीस सेकंद धरल्यावर दुसऱ्या प्रयत्नात इंजिन चालू झाले, अर्धा मिनिट पांढरा धूर टाकून स्थिरावले. क्लच दाबला, पहिला गिअर शांतपणे पडला. टी-90 च्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारी योजना) नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसता तर येथेच करकर ऐकू आली असती.

सुमारे 12 मिनिटांनी इंजिन गचके खाऊन बंद पडले. पुन्हा हवा काढली, पुन्हा तितकाच वेळ चालले.

2 फेब्रुवारी

आठवडाभर डोक्यात हेच होते. डिझेल कोठेही ठिबकत नव्हते, आणि ठिबकणार नव्हतेही, कारण टाकीपासून पंपापर्यंतची बाजू चोषणाची आहे. तेथे फट असली तर डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केले. दहाव्या मिनिटाला मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले. सगळे बँजो बोल्ट उघडून तांब्याचे नवे वॉशर घातले, तरी बुडबुडे तसेच. मग नळी टाकीऐवजी बाहेरच्या डब्यात सोडली, आणि इंजिन पाऊण तास न थांबता चालले.

म्हणजे दोष टाकीत होता. टाकी पूर्ण भरून पाहिली तेव्हा बुडबुडे नाहीत, आणि हेच कोडे सोडवणारे ठरले. टाकीतील चोषण-नळी वरच्या चकतीला जेथे डाखलेली आहे तिच्या खाली साधारण दोन इंचांवर केसासारखी भेग होती. डिझेल त्या भेगेच्या वर असेपर्यंत ती बुडलेली राहते आणि काही कळत नाही. पातळी खाली गेली की भेग हवा ओढू लागते. आम्ही चाचणीसाठी दहाच लिटर डिझेल घातले होते, त्यामुळे भेग पहिल्यापासूनच उघडी होती. आत गेलेली हवा फिल्टरच्या डोक्यात साठत राही आणि तो भरला की पंपाकडे निघे. बारा मिनिटे लागत ती त्यामुळे. टाकी भरून चाचणी घेतली असती तर हा दोष बागेत, उतारावर, अर्ध्या टाकीला सापडला असता. पेट्रोलच्या काळातही भेग असणारच, पण कार्ब्युरेटरच्या वाटीतून थोडी हवा सहज निसटून जात असे. नवी नळी बसवली.

9 फेब्रुवारी

गाडी स्टँडवर चढवून तासभर चालवली. मोकळे चालताना पाण्याचे तापमान 84 अंशांवर राहिले. मागची चाके फिरवत ब्रेक अलगद लावून बोजा दिला, तेव्हा काटा पंधरा मिनिटांत 101 वर गेला आणि काम थांबवले. रेडिएटर जुनाच, पण आतून साफ करून घेतलेला आहे. मोजल्यावर कळले की इसुझूच्या पंख्याचे केंद्र रेडिएटरच्या केंद्राच्या 70 मिलिमीटर खाली येते आणि पंखा गाभ्यापासून 90 मिलिमीटर मागे आहे. तो बहुतांश बाजूचीच हवा घुसळत होता. पत्र्याचा श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे कवच, करून घेतला, त्याचे गोल तोंड खाली सरकवले आणि पंख्याच्या पात्यांची निम्मी रुंदी श्राउडच्या आत राहील असे बसवले. त्याच बोज्यावर आता काटा 91 ला थांबतो.

22 फेब्रुवारी

गाडी ट्रकवर घालून बागेत नेली. काजूचा हंगाम नुकताच सुरू झाला आहे. खालच्या ओढ्यापासून वरच्या शेडपर्यंतची चढण खडी आणि सुट्या दगडांची आहे. हौद्यात पाण्याने भरलेली दोनशे लिटरची दोन पिंपे ठेवली आणि ट्रान्सफर केसची लो रेंज, म्हणजे जोर वाढवून वेग कमी करणारी जोडी, घातली.

लो रेंज 2.46, पहिला गिअर 2.80 आणि डिफरन्शियल 5.38 यांचा गुणाकार सुमारे 37 होतो. 6.00-16 टायरचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटर धरला तर इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर मंद चालत असताना गाडी तासाला पावणेतीन किलोमीटर, म्हणजे माणसाच्या निवांत चालीहूनही हळू जाते. पंपातील गव्हर्नर या फेऱ्या सांभाळतो, त्यामुळे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन बंद न पडता चढत राहते. जुने पेट्रोल इंजिन येथे सतत पायाने जागे ठेवावे लागे. फुगलेल्या आकड्यांत जुने इंजिनच मोठे होते, 75 च्या आसपास अश्वशक्तीचे, तर हे पन्नाशीच्या घरातले आहे. या चढणीवर तो फरक जाणवला नाही.

उतारावर मात्र जाणवला. वेग वाढू लागला की हे इंजिन पेट्रोल इंजिनाइतके मागे ओढत नाही, कारण इनटेक उघडाच असतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्याची भावाची जुनी सवय आहे, ती बदलावी लागेल. भरलेल्या हौद्यासह त्या उतारावर लो रेंजचा पहिलाच गिअर वापरायचा, असे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे.

16 मार्च

तासमापक 41 दाखवतो. सरासरी तासाला 1.6 लिटर डिझेल लागते. त्यात चढ, उतार, थांबून भरणे, उतरवणे सगळे आले. किलोमीटरचा हिशेब ठेवलेला नाही, कारण स्पीडोमीटर मेलेला आहे आणि या कामात तासच खरे.

उरलेल्या बाबी. मागच्या क्रँक सीलमधून रात्रभरात नाण्याएवढा तेलाचा डाग पडतो. सील नवा आहे, त्यामुळे संशय पट्टी बसवताना सीलच्या ओठाला लागलेल्या धक्क्यावर आहे. हंगामात इंजिन उतरवणार नाही. मंद चालीवर हौद्याचा पत्रा थरथरतो, कारण माउंटिंगची रबरे कडक आहेत. मऊ रबरे सांगितली आहेत. 20 तासांनंतर पट्टीचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले होते. सेल्फजवळचा एक बोल्ट पाव आटा फिरला, बाकीचे जागेवर होते. त्या बोल्टखाली आता दातेरी वॉशर आहे आणि पुढची तपासणी 50 तासांवर, साधारण पुढच्या रविवारच्या सुमारास आहे. एकूण खर्च आजपर्यंत 1,12,400 रुपये. त्यात पुठ्ठ्याच्या ठशाने वाया गेलेला एक आठवडा धरलेला नाही.